त, थ, द, ध, न

[काळा पडदा. फक्त आवाज: टक्. थोडं थांबून पुन्हा टक्.]

हा आवाज आमच्या साउंडवाल्याला मुलाखतीच्या रेकॉर्डिंगमध्ये सापडला. त्याला वाटलं, कॉलर माइकची क्लिप कुठंतरी आपटतेय. क्लिप बदलली, माइक बदलला, टक् काही जाईना. मग त्याच्या लक्षात आलं की बाई 'दात' म्हणतात तेव्हा तो येतो.

[क्लोजअप: बोलणारे ओठ. मध्येच चमकणारा मणी.]

त, थ, द, ध, न. शाळेत पाठ केलेले दंत्य वर्ण. ते उच्चारताना जीभ दातांना भिडते. यांच्या जिभेत सहा वर्षांपासून स्टीलची दांडी आहे, वर एक मणी आणि खाली एक. दंत्य वर्ण टाळून मराठीत एक वाक्य बोलून बघा.

[पुणे, सोन्या मारुती चौक. सराफाचं दुकान. आजीच्या मांडीवर बाळ.]

टोचण्याचं आपल्याला वावडं नाही. हे बाळ काही दिवसांचं आहे. सोनारानं दोन्ही पाळ्यांवर शाईचे ठिपके दिलेत. मागे सरून बघितलं, एक ठिपका पुसला, केसभर खाली घेतला. आजीनं डोकं धरलंय. सोन्याची तार पुढून टोकदार केलेली. आता बघा.

[निवेदन नाही. बाळाचा चेहरा. रडणं. आजीचा हात.]

तार आरपार गेली, वळवली, खोबरेल तेलाचं बोट लागलं. सोनाराला नारळ आणि दक्षिणा. कानाची पाळी म्हणजे कातडी आणि चरबी. ती बोलत नाही, गिळत नाही आणि तिच्या शेजारी दात नाहीत.

[स्थिरचित्र: दगडी शिल्पपट्ट]

जीभ टोचणंही नवं नाही. हा मेक्सिकोतल्या याश्चिलानचा दगड, आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. प्राचीन माया संस्कृतीतली राणी गुडघ्यांवर बसून जिभेतून काटे ओवलेला दोर ओढतेय. शिल्पावरचा विधी इसवी सन ७०९ मधला. मलेशियात बटू केव्ह्जला थायपूसम या सणाच्या दिवशी मुरुगनाचे, म्हणजे कार्तिकेयाचे, भक्त जिभेतून छोटा भाला, म्हणजे वेल, आरपार घालतात. दोर ओढून झाला की बाहेर. वेलही विधी संपला की बाहेर. धातू जिभेतच ठेवून त्यासकट वर्षानुवर्षं जेवायचं आणि झोपायचं, ही गोष्ट वेगळी. हा व्हिडिओ त्या गोष्टीबद्दल.

[पिअर्सिंग स्टुडिओ. काळी खुर्ची, पांढरा दिवा.]

ही मुलगी एकवीस वर्षांची आहे. मैत्रीण बाहेर बाकावर बसलीय, आतून हाक आली तरी तिला यायचं नाहीये. स्टुडिओ स्वच्छ आहे, हे सांगितलंच पाहिजे. सुई पाकीटबंद, हातमोजे नवे, दांडी ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढलेली.

आधी माउथवॉशची चूळ. जीभ बाहेर, गॉझनं कोरडी केली. आता ती वर उचलायला सांगितलंय, कारण बघायचं असतं ते खाली. या दोन निळ्या शिरा दिसतात ना? त्यांच्या आसपास धमन्याही आहेत, त्या दिसत नाहीत. पिअर्सर टॉर्च मारून मधली जागा शोधतोय. जांभळ्या शाईचा ठिपका. मग चिमटा, टोकाला दोन कड्या असलेला. जीभ त्या कड्यांमध्ये.

[सुई. निवेदन नाही. मुलीच्या हाताची बोटं.]

झालं. दहा सेकंदही लागले नाहीत. चौदा गेजची पोकळ सुई, जाडी साधारण १.६ मिलिमीटर. भूल नाही. सुईच्या मागोमाग दांडी सरकली, वर मणी फिरवून बसवला. मुलगी हसतेय, डोळ्यांत पाणी आहे, आणि पहिला शब्द 'झालं?' असा न येता 'जालं?' असा आलाय.

आता ही दांडी बघा. जिभेच्या जाडीपेक्षा लांब आहे, खाली लोंबतेय. हे मुद्दाम. पुढचे तीन ते पाच दिवस जीभ सुजणार, आखूड दांडी असती तर मणी मांसात रुतले असते. सूज उतरली की काही आठवड्यांत परत यायचं आणि आखूड घालून घ्यायची.

[क्लोजअप: काळजी घेण्याचं कार्ड]

स्टुडिओचं कार्ड. बर्फ चोखा. तिखट नको, सिगारेट नको. मिठाच्या पाण्याच्या चुळा. दांडी बदलायला या, हे अगदी शेवटी, सगळ्यात बारीक टायपात. दातांबद्दल एक अक्षर नाही. आम्ही कार्ड उलटून बघितलं. मागे इन्स्टाग्रामचा पत्ता आहे.

[दवाखाना. एक्स-रेचा पडदा.]

पहिल्या बाईंचा हा एक्स-रे. सगळ्या जबड्याचा काढायचा तर दांडी काढून ठेवावी लागते, नाहीतर तिची सावली दुसऱ्याच जागी उमटते. हा तंत्रज्ञाच्या चुकीनं तसाच निघाला, आम्हाला फावलं. व्यायामशाळेतल्या डंबेलसारखं पांढरंशुभ्र दिसतंय ते.

[तोंडातला आरसा. खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू.]

आणि ही आमच्या चित्रणातली सगळ्यात महत्त्वाची चौकट. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू. रोज ब्रश करणारा माणूसही ती कधी बघत नाही. मधल्या दोन दातांजवळ हिरडी व्ही अक्षरासारखी खाली गेलीय, मूळ उघडं पडलंय. खुणांची सळई लावून डॉक्टर मोजताहेत: तीन मिलिमीटर. जीभ पुढे आली की खालचा मणी इथेच घासतो. इथली हिरडी पातळ, मागचं हाडही पातळ. लाळेच्या नळ्यांची तोंडं इथेच, त्यामुळे कीटणही आधी इथेच धरतं. दांडीवरसुद्धा धरलंय, हे पिवळं. दुखत काहीच नव्हतं. त्या आल्या होत्या दाढेसाठी.

दाढेचा टवका उडालाय. हातात फोन असला, सिनेमा चालू असला की त्या मणी दाढांमध्ये धरून चावायच्या. आपण पेन चावतो तसं. सवय लागली हे त्यांना नवऱ्यानं सांगितलं.

अमेरिकेत २००२ साली जीभ टोचलेल्या ५२ जणांचे दात तपासले गेले. चार किंवा जास्त वर्षं दांडी वापरणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांच्या दाढा-उपदाढांचे टवके उडालेले होते. लांब दांडी दोन वर्षं किंवा जास्त वापरणाऱ्यांत निम्म्यांची हिरडी उतरलेली होती. लांब दांडी हिरडीला नडते, आणि आखूड दांडी दातांमध्ये धरायला सोपी, म्हणून ती टवके उडवते. आता कुठली घालायची, सांगा. बफेलो विद्यापीठातून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका केसमधली २६ वर्षांची तरुणी मणी वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये ढकलत राहायची, सात वर्षं. मध्ये फट पडली, तारा लावाव्या लागल्या.

मेंदूत पू होणं, जिभेखाली सूज येऊन श्वास कोंडणं, हृदयाच्या झडपांना संसर्ग, यांच्याही वैद्यकीय नोंदी आहेत. क्वचितच्या.

[बाई आरशासमोर. मणी फिरवून काढताहेत.]

मणी सहज निघत नव्हता, कीटणानं धरला होता. डॉक्टरांनी हिरडीवर पुढे काय करता येईल ते सांगितलंय. झिजलेली हिरडी आपोआप वर येत नाही. दाढ भरून झालीय.

दांडी त्यांनी कानातल्यांच्या डबीत टाकली. मग आम्ही कॅमेरा बंद करायला गेलो आणि थांबलो.

[क्लोजअप: बंद ओठ. आतून हलणारा गाल.]

जीभ दाढेपाशी जाऊन मणी शोधतेय.