गे-ल्युसॅक–हम्बोल्ट पुरस्कार: सीमेपलीकडून आलेलं नाव

(दृश्य: पॅरिसचं आकाश, जुन्या फुग्याचं रेखाचित्र)

16 सप्टेंबर 1804. हायड्रोजनने भरलेला फुगा वर चढतोय. पाळण्यात एकच माणूस, पंचविशीतला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ लुई गे-ल्युसॅक. साडेसहा हजार मीटरच्याही वर, बोटं बधिर करणाऱ्या थंडीत, तो निर्वात काचपात्राची तोटी उघडतो आणि तिथली हवा भरून घेतो. खाली येऊन तपासतो, तर ऑक्सिजनचं प्रमाण जमिनीवर असतं तेवढंच!

त्याच सुमारास आलेक्झांडर फॉन हम्बोल्ट अमेरिका खंडाचा पाच वर्षांचा प्रवास आटोपून पॅरिसला पोहोचला होता. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातला हा बडा शास्त्रज्ञ गे-ल्युसॅकपेक्षा नऊ वर्षांनी मोठा. हवेच्या मोजमापावरच्या त्याच्या जुन्या प्रयोगांवर या तरुणाने सडकून टीका केली होती. हम्बोल्टने अढी धरली नाही. पॅरिसजवळच्या आर्क्युई गावात, रसायनशास्त्रज्ञ बर्थोलेच्या घरी गाठ पडली, तेव्हा त्यानेच मैत्रीचा हात पुढे केला.

(दृश्य: काचेची नळी, ठिणगी)

मग दोघं एकत्र कामाला लागले. बंद काचनळीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन घ्यायचा, विजेची ठिणगी पाडायची, उरलेला वायू मोजायचा. पुन्हा नवं मिश्रण, पुन्हा ठिणगी. 1805 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: दोन माप हायड्रोजन, एक माप ऑक्सिजन, की झालं पाणी. यातूनच 1808 मध्ये गे-ल्युसॅकचा वायूंच्या आकारमानाचा नियम आला: वायू एकमेकांशी संयोग पावतात ते साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात. आणि हम्बोल्ट? या शोधाचं श्रेय गे-ल्युसॅकचं आहे, असं त्याने मोकळेपणाने सांगितलं. मला हा माणूस इथे सर्वांत मोठा वाटतो.

पुढे दोघांनी इटलीमार्गे बर्लिनपर्यंत प्रवास केला, वाटेत पृथ्वीचं चुंबकत्व मोजत. गे-ल्युसॅक 1806 च्या वसंतात बर्लिनहून परतला. ऑक्टोबरमध्ये त्याच बर्लिनमध्ये नेपोलियनचं सैन्य शिरलं. तरी 1808 पासून पुढची जवळपास वीस वर्षं हम्बोल्ट पॅरिसलाच राहून लिहीत होता.

त्यानंतर 1870, 1914, 1939. फ्रान्स आणि जर्मनी समोरासमोर आलेली तीन युद्धं. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याची पाठराखण करणाऱ्या जाहीरनाम्यावर नामवंत जर्मन शास्त्रज्ञांनी सह्या केल्या; फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांतल्या आपल्या सदस्यांची नावं कमी केली. युद्ध संपलं, तरी 1919 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेचं दार जर्मनीला 1926 पर्यंत बंद होतं. किती प्रयोगशाळांमधला पत्रव्यवहार तुटला असेल!

(दृश्य: आजची प्रयोगशाळा)

म्हणून 1981 चं मोल मोठं. फ्रान्सचे अध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ आणि जर्मन चॅन्सलर हेल्मुट श्मिट यांच्या पुढाकाराने दोन्ही देशांतल्या संशोधकांसाठी एक पुरस्कार सुरू झाला. आज तो गे-ल्युसॅक–हम्बोल्ट पुरस्कार म्हणून ओळखला जातो. जर्मनीतल्या संशोधकांचा गौरव फ्रान्सचं उच्च शिक्षण आणि संशोधन मंत्रालय करतं. फ्रान्समधल्यांचा, जर्मनीचं आलेक्झांडर फॉन हम्बोल्ट प्रतिष्ठान.

स्वतःचा अर्ज स्वतः भरून हा पुरस्कार मिळत नाही. फ्रान्समधल्या संशोधकाचं नाव जर्मनीतला सहकारी सुचवतो, जर्मनीतल्याचं फ्रान्समधला. म्हणजे तुमचं काम जवळून पाहिलेलं, तुमच्यासाठी शब्द टाकणारं कुणीतरी सीमेपलीकडे असावंच लागतं. आणि निवड झाली, की त्याच माणसांच्या प्रयोगशाळेत जाऊन पुढचं काम करायला पुरस्काराचे पैसे हाताशी येतात.