बिजागरी उरली पाहिजे

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी एक भाऊ म्हणाले, "एवढ्या मोठ्या कटरची, म्हणजे साखळीच्या करवतीची, गरजच काय?" बरोबर आहे. बांधावरची शेवरी, केळीत वाकलेली फांदी यांना लहान मशीन पुरतं. पण जुना निंब, चिंच, गावठी आंबा, म्हणजे दोन-अडीच फुटांचा बुंधा आला की आपण 70 सीसीचं मशीन आणि 24 इंची पट्टी (जिच्याभोवती साखळी फिरते ती) आणतो, आणि लहान मशीनच्या सवयी तशाच घेऊन झाडाला भिडतो. (परवानगीचं आज बोलत नाही. वृक्षतोडीचा कायदा 1964 पासून आहे. अर्ज आधी, मशीन नंतर.)

लहान पट्टीचं टोक डोळ्यांसमोर असतं. मोठ्या पट्टीचं टोक बुंध्याच्या पलीकडे निघतं, तिथे तुमची नजर पोचत नाही. पलीकडे कुंपणाची तार असेल, दुसरी फांदी असेल. टोकाचा वरचा भाग तिला लागला, की साखळीचा सगळा जोर पट्टीला वर आणि मागे फेकतो, थेट मानेकडे. 'अरे' म्हणायलाही वेळ मिळत नाही. म्हणून पुढच्या मुठीवर डाव्या हाताचा अंगठा खालून गुंडाळलेला हवा, मशीन खांद्याच्या वर नको, आणि डोकं पट्टीच्या रेषेत नको. मुठीपुढचा तो दांडा साखळीचा ब्रेक आहे. "मधे येतो" म्हणून तो काढून टाकलेली मशीन मी पाहिली आहेत. त्यांना मी हातही लावत नाही.

आता झाड पाडणं. कटर झाड कापतं, पण पाडते ती बिजागरी. ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच घ्या, व्यासाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी. बुंधा 60 सेंटिमीटर असेल तर 12 ते 15. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा बोट-दोन बोटं वर, कापत या. पण खाचेपर्यंत पोचायचं नाही. मधे व्यासाच्या दहाव्या हिश्श्याची, इथे 6 सेंटिमीटरची लाकडाची पट्टी न कापता राखायची. तीच बिजागरी. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर वळतं. ती कापून टाकली की झाड कुठे जाईल ते झाडच ठरवणार. मशीनची पट्टी दाबली जाण्याआधी कापात पाचर ठोका, लाकडाची किंवा प्लास्टिकची. लोखंडाची नको, साखळी तिला लागली की दात गेले.

झुकलेल्या झाडाचं मात्र वेगळं आहे, आणि ते मी स्वतः चुकून शिकलो. नाल्यावर कललेली बाभूळ होती. सोबतचा म्हणाला, "दोन मिनिटनं काम शे, भाऊ." मीही मागून सरळ कापत सुटलो. निम्म्यावर आलो नाही तोच 'टर्रर्र' असा आवाज आला, बुंधा उभा चिरला आणि मागचा अर्धा भाग तरफेसारखा वर उसळून कानाजवळून गेला. कललेल्या झाडाच्या पाठीचे तंतू आधीच ताणलेले असतात. काप पुढे पोचण्याआधी तेच फाडत जातात. अशा झाडाला खाच घेतल्यावर बिजागरीमागून मशीनची पट्टी आरपार घालायची, मागे थोडं लाकूड बांधून ठेवल्यासारखं राखायचं आणि ते सगळ्यात शेवटी तोडायचं. पट्टी आत घालताना टोकाच्या खालच्या भागाने सुरुवात करायची. नवख्याने हे एकट्याने करू नये, जाणत्याला बोलवावं.

झाड हललं की मागे तिरकं, 45 अंशात निघायचं. ती वाट आधीच साफ करून ठेवा. बाकीची मंडळी झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब. आपल्याकडे झाड पाडायचं म्हटलं की निम्मं गाव जमतं, पोरं दोराला लोंबकळतात. ते आधी हटवा.

चप्पल आणि लुंगीवर मशीन चालवू नका. आत तंतूंचे थर असलेली पँट मिळते. साखळी लागली की तंतू चाकात गुंततात आणि ती थांबते. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंशांत ती नकोशी होते हे खरं. मग सकाळी सहा ते नऊ काम करा, पण पँट ठेवा. जाळीचं हेल्मेट आणि कानाला मफही हवेत. मशीन हातात लोंबतं धरून झटका मारू नका. जमिनीवर ठेवून मागच्या मुठीत पाय रोवा. पेट्रोल भरलं असेल तिथून तीन मीटर तरी दूर जाऊन सुरू करा.

चला, आता मागच्या वाळलेल्या निंबाकडे जाऊ. मशीन अजून पेटीतच राहू द्या. आधी दोन बाजूंनी बघून सांगा, कुठे कललाय, आणि वर सुटायला आलेल्या फांद्या किती.