भांड्यांच्या गोंगाटात

(दृश्य: पहाट. मोठं स्वयंपाकघर, वाफ.)

पहाटेचे पाच. इथे अजून कुणी बोलत नाही. पातेल्याला हात लावण्याआधी ही बाई जरा थांबते, डोळे मिटते. ओठ हलतात. मग कामाला लागते.

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, ‘पाचारण’ (देवाने एखाद्या कामासाठी दिलेली हाक) हा शब्द आपण फार जपून वापरतो. पाळकाला पाचारण असतं, मिशनऱ्याला असतं. पातेली घासणारीला? जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, असं प्रेषित पौलाने कलस्सै शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलं, ते आज बायबलमध्ये आहे. ते कुणाला सांगितलंय पाहा: दासांना. दिवसभर दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्यांना. आणि लिहिणारा पौल स्वतः तंबू शिवून पोट भरणारा.

(दृश्य: हिवाळ्यातलं निष्पर्ण झाड.)

सतराव्या शतकात लोरेनमधल्या (आजच्या फ्रान्सच्या ईशान्येला) निकोला एर्मां या अठरा वर्षांच्या मुलाने असंच एक झाड पाहिलं. फांदीवर एक पान नाही. थोड्या दिवसांनी याला पालवी फुटेल, मग फुलं, मग फळं, इतकंच त्याच्या मनात आलं. त्या क्षणी देवाच्या सामर्थ्याची जी जाणीव झाली ती पुढे कधी पुसली गेली नाही, असं तो सांगे. तो सैन्यात होता. पुढे नोकर म्हणून राहिला, तिथे त्याच्या हातून सारखं काहीतरी फुटायचं. १६४० मध्ये तो पॅरिसमध्ये कार्मेली या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात आला आणि बंधू लॉरेन्स झाला. वाट्याला आलं स्वयंपाकघर, जे काम त्याला मुळातच नावडतं होतं.

(दृश्य: तवा. भांडी घासणारे हात. जमिनीवरची काडी.)

हे हात नीट बघा. लॉरेन्सची रीत इथेच कळते. काम हाती घेताना देवाला म्हणायचं, तू जवळ आहेस, तुझ्या आज्ञेने हे करतोय, कृपा दे. काम चालू असताना मनातल्या मनात त्याच्याशी बोलत राहायचं. संपलं की कसं झालं ते तपासायचं. नीट झालं तर उपकार मानायचे. चुकलं तर क्षमा मागायची आणि कुढत न बसता पुन्हा त्याच्यापाशी यायचं. तव्यावरचं ऑम्लेट उलटायचं तेही त्याच्या प्रीतीसाठी. जमिनीवरची काडी उचलायची तीही. चार माणसं एकाच वेळी चार गोष्टी मागतायत, भांडी आदळतायत, आणि याचं मन गुडघे टेकल्यावर असावं तसं शांत. हे लगेच जमलं नाही बरं का. पहिली दहा वर्षं फार जड गेली, हे त्याचं स्वतःचं म्हणणं आहे.

(दृश्य: चपलेला पडणारे टाके.)

स्वयंपाकघरात पंधरा वर्षं गेली, पुढे मठातल्यांच्या चपला शिवल्या. १६९१ मध्ये तो वारला. त्याची पत्रं आणि संभाषणं छापली गेली. कॅथलिकांनी वाचली, प्रॉटेस्टंटांनीही.

(दृश्य: तेच स्वयंपाकघर, रात्र.)

शेवटचं पातेलं पालथं घातलंय. ती ओट्याला टेकून उभी आहे, डोळे मिटून. आजचा हिशेब चाललाय. आम्ही काही विचारलं नाही, कॅमेराही लांबच ठेवला.