दलदलीला आग लागते कशी? इंडोनेशियातल्या पीटची भानगड

नमस्कार मंडळी! आज जायचंय बोर्निओला, म्हणजे त्या बेटाचा जो भाग इंडोनेशियात येतो ना, कालीमंतान, तिथे. जंगलं तोडली, पामची झाडं लावली वगैरे तुम्ही ऐकलंच असेल, पण खरी गोची झाडांच्या खाली आहे.

खाली आहे पीट. नर्सरीत मिळतं ते कोकोपीट नव्हे हां, ते नारळाचं. इथे दलदलीत बारमाही पाणी, त्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाहीच, त्यामुळे पडलेली पानं, मुळं, अख्खे बुंधे धड कुजत नाहीत आणि हजारो वर्षं नुसते साचत जातात, काही ठिकाणी तर १० मीटरपेक्षा जाड थर, दिसायला चहाच्या चोथ्यासारखा. जगाच्या जमिनीत पीट जेमतेम ३ टक्के, पण त्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांपेक्षा जास्त!

आता इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांचं डोकं बघा. १९९५ मध्ये ठरवलं की १० लाख हेक्टर दलदलीत भात लावायचा. जंगल साफ केलं, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून हजारो किलोमीटर कालवे खणले, आणि जमीन एवढी आम्ल की भात काही धड पिकला नाही. प्रकल्प गुंडाळला, कालवे मात्र तसेच, रात्रंदिवस पाणी बाहेर काढतायत.

पाणी उतरलं की पीटमध्ये हवा शिरते, कुजणं सुरू, कार्बन डायऑक्साइड बाहेर, म्हणजे आग नसली तरी नुकसान चालूच. जमीन खचते, वर्षाला ५ सेंटीमीटरच्या आसपास. आणि एकदा खडखडीत वाळलेलं पीट पाणी परत नीट शोषतही नाही.

मग आला १९९७ चा एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि इंडोनेशियात दुष्काळ पडतो तो प्रकार, आणि वाळलेल्या पीटनं पेट घेतला. ही आग जमिनीच्या आत धुमसते, वरून कितीही पाणी मारा, चांगला पाऊस पडेपर्यंत विझायचं नाव नाही. शास्त्रज्ञांच्या अंदाजानं त्या वर्षी इंडोनेशियाच्या आगींतून सुटलेला कार्बन जगभरात वर्षभर कोळसा-तेल-गॅस जाळून निघतो त्याच्या १३ ते ४० टक्के होता. एका देशातून! २०१५ मध्ये पुन्हा तेच, २६ लाख हेक्टर जळालं, कालीमंतानमधल्या पालांगकाराया शहरात आकाश पिवळं, धूर सिंगापूरपर्यंत.

आपला काय संबंध म्हणाल तर पामतेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार भारत. फरसाण, बिस्किटं, साबण, पाकीट उलटं करून वाचा. सगळं पाम पीटवरचं नसतं, हेही खरं, पण पाकिटावरून ते कळत नाही.

२०१६ मध्ये सरकारनं पीट सुधारायला वेगळी संस्था काढली, फळ्या आणि वाळूची पोती टाकून कालवे अडवायला लागले. माझ्या मते झाडं लावायचे कार्यक्रम नंतर, आधी हेच. काम किचकट आहे, पण पाणी वर येतं.

आणि २०२० मध्ये? त्याच जुन्या भाताच्या जमिनीवर सरकारनं परत नवीन शेतीप्रकल्प जाहीर केला, नाव ‘फूड इस्टेट’. धन्य आहे!