परिचय म्हणजे अर्ज वाचून दाखवणं नव्हे

(मुलाखतीत आणि मीटिंगमध्ये स्वतःचा परिचय कसा करून द्यायचा, या विषयावर जिल्हा ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आत्ता चिटणीसांनी माझा परिचय करून दिला. शाळा आली, पदविका आली, तीन मंडळांची सदस्यत्वं आली. नोकरीभर मी काय केलं, तेवढं राहिलं. कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात होतो. मशीन बंद पडलं की मला हाक मारायचे, आणि खात्यात माणूस घ्यायचा असला की मुलाखतीला बसवायचे.

चिटणीसांना दोष नाही हो. रीतच आहे आपली. आपल्याबद्दल दुसऱ्यानं बोलायचं आणि आपण पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसायचं. स्वतः बोललं तर आगाऊपणा! समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली, त्यात 'आपली आपण करी स्तुती' आहेच. ते आपल्या हाडीमाशी खिळलंय. पण त्याच ओवीत पुढं 'सांगे वडिलांची कीर्ती' असंही आहे, तोही मूर्खच. तेवढं मात्र आपण सोयीनं विसरलो. मुलाखतीला आलेला मुलगा स्वतःबद्दल गप्प, पण वडील काय करतात, काका कुठं असतात, बहिणीला कुठं दिलीय, सगळं सांगणार.

एक मुलगा आठवतो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, जागा आमच्याच खात्यातली. 'सांगा स्वतःबद्दल' म्हटल्यावर सुरू झाला. संपूर्ण नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. (आडनावात गाव होतंच, ते पुन्हा सांगितलं.) वडील शेती करतात, आई गृहिणी, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, छंद वाचन आणि क्रिकेट. मेहनती आहे, प्रामाणिक आहे. हे सगळं एका दमात, नजर भिंतीवर. कुठल्यातरी क्लासमध्ये घोकून घेतलेलं. आणि माझी खरी तक्रार आहे ती या क्लासवाल्यांवर. फी घेऊन पन्नास पोरांना एकच परिचय पाठ करून देतात. पन्नासही जण प्रामाणिक, पन्नासांनाही वाचनाची आवड! अरे, मग ग्रंथालयं ओस का पडलीत? इथं टाळ्या नकोत, वर्गणी भरा.

तर तो मुलगा उठून निघाला होता. आमचे एक सहकारी सहज म्हणाले, 'हाताला हे डाग कसले?' तो म्हणाला, 'वॉर्निशचे, सर. चुलत्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, दहावीपासून तिथंच बसतो.' (रिवाइंडिंग म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळणं.) बसवला त्याला परत. मग काय, गडी खुलला. उन्हाळ्यात जळून येणाऱ्या मोटरी का जळतात, ते सांगायला लागला. मोटरीला वीज तीन तारांतून येते, त्या तीन फेजपैकी एक जातो, मोटर उरलेल्या दोनवर ओढत राहते, करंट वाढतो, वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, तापून काळं पडतं. रात्रीची लाइट असते, शेतकरी झोपलेला, सकाळी वास येतो तेव्हा कळतं. गावच्या पाणीयोजनेची मोटर अशीच वरचेवर जळायची. यानं ग्रामपंचायतीच्या मागं लागून पॅनलमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घेतला. एक फेज गेला की मोटर आपोआप बंद. तेव्हापासून ती या कारणानं जळली नाही.

मी विचारलं, 'हे आधी का नाही सांगितलंस?' म्हणाला, 'ते घरचं काम आहे ना, सर.'

घेतला त्याला. पण सगळ्यांच्याच हातावर डाग दिसत नाहीत, आणि सगळ्याच खोल्यांत असले सहकारी नसतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पाचच म्हणतायत. मग जाहीर केलेला विषय आता उभ्या उभ्या घेऊ.

पहिलं, समोरच्याकडं तुमचा अर्ज असतो. इथं यूपीएससीवाले बरेच बसलेत म्हणून सांगतो. ती मुलाखत २७५ गुणांची, आणि तुम्ही भरलेला सविस्तर अर्ज मंडळापुढं असतो. मग तोच तोंडी कशाला? त्या मुलानं एवढंच म्हणायला हवं होतं: 'मी अमुक, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. दहावीपासून मोटरी रिवाइंड करतोय. आमच्या पाणीयोजनेची मोटर वारंवार जळायची, ते कारण शोधून थांबवलं. मला मेंटेनन्समध्येच काम करायचंय.' वीस सेकंद लागतात. आणि यात स्तुती कुठंय? केलेलं काम सांगितलं. पुढचा प्रश्न मोटरीवर येणार, म्हणजे तुमच्या अंगणात.

दुसरं, नाव सावकाश सांगा. आपण ते हजारदा ऐकलेलं असतं, समोरचा पहिल्यांदा ऐकतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचंही नाव येतं. फार चांगलं झालं. पण बोलताना स्वतःचं नाव आणि आडनाव पुरे.

तिसरं, मेहनती, प्रामाणिक, जिद्दी हे दुसऱ्यानं म्हणायचे शब्द. तुम्ही फक्त तपासून बघता येईल असं एक काम सांगा. नोकरी केली नसेल तर घरचं सांगा, दुकानाचा हिशेब, डेअरीचं संकलन, बचत गटाचं खातं. तीन कामं सांगाल तर एकही लक्षात राहत नाही.

मीटिंगमध्ये याहून कमी. नाव, खातं, आणि आज इथं कशासाठी आलात. गोल फिरत पाळी येते तेव्हा आपण आपलं वाक्य मनात जुळवत बसतो आणि शेजाऱ्याचं नाव हुकतं. मनातली जुळवाजुळव बाहेर गाडी लावतानाच उरका.

आणि संपलं की थांबा. 'बस, एवढंच, अजून काही नाही' असं पुटपुटू नका. शांतता झाली तर होऊ द्या, पुढचा प्रश्न त्यांना सुचेल.

मागून कोणीतरी विचारतंय, इंग्रजीतून की मराठीतून? ज्या भाषेत प्रश्न आला, त्या भाषेत. इंग्रजी अडखळत असेल तर वाक्यं आखूड करा. चिटणीस उभे राहिले. आभाराचं भाषण माझ्यापेक्षा मोठं आहे म्हणतात, बसतो मी.