तळटीपेच्या पलीकडे

विधान भवनाजवळचा झिरो माइलचा वालुकाश्माचा स्तंभ हा भारताचा भौगोलिक मध्यबिंदू आहे, हे वाक्य नागपूरकर लहानपणापासून ऐकत आलेले आहेत, आणि आता ते इंटरनेटवरील कित्येक नोंदींतही आढळते. स्तंभाशेजारचा लहान दगड मात्र वेगळे सांगतो. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे ते १९०७ सालचे तलचिन्ह आहे. अशी चिन्हे समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्यासाठी बसवली जात, आणि उंचीच्या खुणेवरून देशाचा मध्य ठरत नाही. शिवाय त्या काळच्या ब्रिटिश हिंदुस्थानात ब्रह्मदेशही मोडत होता. त्या प्रदेशाचा मध्य आजच्या भारतालाही लागू पडेल कसा?

याचा दोष विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशाला देणे न्याय्य नाही, कारण त्याने आपली मर्यादा लपवलेली नाही. संपादकाने स्वतःचे संशोधन लिहू नये, अन्यत्र प्रसिद्ध झालेलेच संदर्भासह मांडावे, असा त्याचा नियमच आहे. म्हणजे तेथील वाक्याचे बळ त्याच्या तळटीपेइतकेच. घात होतो तो पुढे. नोंदीतले निराधार वाक्य एखादा वार्ताहर घाईत उचलतो, काही महिन्यांनी तीच बातमी त्या वाक्याखाली पुरावा म्हणून जोडली जाते, आणि एकाच तोंडची गोष्ट दोघांच्या साक्षीची वाटू लागते. अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथॅलर यांच्याविषयीचा धादांत खोटा मजकूर २००५ मध्ये विकिपीडियावर सुमारे चार महिने तसाच राहिला होता.

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्याची उभारणी याच नागपुरात आरंभली, त्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या २३ खंडांतील चूक खंड आणि पृष्ठ सांगून दाखवता येते. ऑनलाइन नोंद सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी असू शकते, म्हणून ती उद्धृत करायचीच झाल्यास तिच्या ‘इतिहास’ या पानावरून नेमकी आवृत्ती आणि तारीख नोंदवावी.

नागपूरचे राज्य खालसा होण्यावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात खुशाल नोंदीपासून करावी. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारल्यानंतरचा घटनाक्रम त्याला तेथे लवकर कळेल. प्रबंधात उतरवण्यापूर्वी मात्र त्याने तळटीपेतला ग्रंथ प्रत्यक्ष काढावा, डलहौसीची टिपणे आणि १९०८ चे नागपूर जिल्ह्याचे गॅझेटिअर स्वतः वाचावे, आणि हे कागद राज्य घेणाऱ्यांच्याच बाजूने लिहिलेले आहेत, याचे भान वाचताना ठेवावे.