काकूंनी बटण बंद केलं

श्रोतेहो, नमस्कार. खानापूर-जांबोटीकडं पाऊस लागला की डबा उघडा राहिलेला पापड तासाभरात वाकतो. त्याच ओलीत, त्याच खोलीत दहा-बारा वर्षांचा संगणक उभा असतो, आणि डब्याचं झाकण आठवणीनं लावणारे आपण त्याच्याकडं मात्र बघत नाही.

गेल्या श्रावणात खानापूर तालुक्यातल्या आमच्या काकांकडं रात्रभर वीज नव्हती. सकाळी पेन्शन जमा झाली का बघायला काकांनी संगणक लावला, तर बँकेचं पान उघडेना. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’, एवढीच सूचना. काका घाबरले. मोबाईलवर शोधून मदतीचा एक नंबर काढला आणि फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. “कोपऱ्यातली तारीख बघा,” म्हणाला. तारीख कैक वर्षं मागं गेलेली! ती बरोबर केली आणि काय, बँकेचं पान झटक्यात उघडलं. काकांचा विश्वास तिथंच बसला. मग त्यानं एक ॲप उतरवून घ्यायला लावलं, पडद्यावर आलेले आकडे विचारून घेतले, आणि पासवर्ड घालायला सांगितलं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. “अहो, तुमचा हात तर इकडं हाय. बाण आपसूक कसा फिरालाय?” काका म्हणाले, “ते साहेब तिकडनं दुरुस्त करालेत.” काकूंनी कप खाली ठेवला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. “पंखा दुरुस्त करायला आलेल्याला मी कपाटाची किल्ली देत नाही,” म्हणाल्या.

श्रोतेहो, पैसे वाचले. त्याच दिवशी काका शाखेत जाऊन आले, पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदलला. मी रविवारी गेलो आणि ते ॲप काढून टाकलं.

मूळ दुखणं काय होतं? एक बटणाएवढा सेल. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना संगणकाचं घड्याळ तो चालवतो. तो संपला की तारीख मागं जाते, आणि संकेतस्थळ खरं आहे असं सांगणारं जे प्रमाणपत्र असतं त्याला मुदत असते, त्यामुळं चुकीच्या तारखेला पान उघडत नाही. तारीख चुकली की आधी सेल बघा. पुन्हा सांगतो, आधी सेल. बेळगावात घड्याळाच्या दुकानात मिळतो.

मी पेटी उघडली तेव्हा पंख्यावर धुळीची गोधडी होती. संगणक बंद करून, वायर काढून, पंख्याचं पातं बोटानं धरून कोरड्या ब्रशनं धूळ काढायची. ओलं फडकं नको. आणि ते झालरीचं झाकण! चालू संगणकावर ते घालू नका हो, त्याला वारा लागतो. जुनी वस्तू दिसली की भंगारवाल्याला हाक मारायची घाई मला मुळीच पटत नाही. आमच्या आजीचा पाटा अजून टाकी लावून चालतो.

जुनेपणापेक्षा सुरक्षेचे अपडेट बंद पडणं जास्त वाईट. विंडोज ७ चे २०२० च्या जानेवारीत थांबले, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवी विंडोज त्या यंत्रावर चढत नसेल तर विंडोजच्या जागी संगणक चालवणारं लिनक्स मिंट फुकट मिळतं, जुन्या संगणकावर बरं चालतं. त्याआधी फोटो, सातबारा, पेन्शनचे कागद बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच जाते.

बँकेचा नंबर पासबुकावरून घ्या. शोधून नको, पासबुकावरून. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरला, १९३० ला, फोन करा.

काका आता संगणक लावला की आधी भिंतीवरच्या कॅलेंडरशी तारीख ताडून बघतात, मग बँक. आणि बँक उघडताना काकूंना हाक मारतात. नमस्कार.